धक्का नसलेल्या बेटांकडे

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचे ओबान हे लहानसे बंदर. ‘हेब्रिडियन प्रिन्सेस’ या जहाजाच्या सफरी बहुधा इथूनच सुटतात. १९६४ साली ‘कोलंबा’ या नावाने ते पाण्यात उतरले तेव्हा माणसे आणि मोटारी बेटांवर पोचवणारी ती साधी फेरीबोट होती. १९८९ मध्ये तिचे पर्यटक जहाज झाले. राणी एलिझाबेथ यांनी २००६ आणि २०१० मध्ये कुटुंबासाठी ते अख्खे भाड्याने घेतले होते. प्रवासी जेमतेम पन्नास. हा लहान आकारच त्याचे खरे बळ, कारण या समुद्रातल्या कितीतरी बेटांना जहाज लागेल असा धक्का नाही. जहाज बाहेर नांगर टाकते आणि प्रवासी होडीतून किनारा गाठतात. मुंबई-गोवा बोटीतून आपल्या गावच्या बंदरात पडावात उतरलेल्या पिढीला हा प्रकार समजावून सांगायला नको.

पहिले एक-दोन दिवस ओळखीच्या ठिकाणांत जातात. टोबरमोरी हे मल बेटावरचे गाव १७८८ पासून मासेमारीचे बंदर म्हणून मुद्दाम वसवले गेले. आज त्याच्या रंगीत घरांची रांग चित्रांतून सर्वांना ठाऊक असते. स्टाफा बेटावर षटकोनी खांबांची फिंगलची गुहा आहे. १८२९ मध्ये वीस वर्षांचा जर्मन संगीतकार मेंडेल्सझोन या बेटांच्या प्रवासाला आला आणि त्यातून त्याची ‘हेब्रिडीज’ ही संगीतरचना जन्मली. आयोना बेटावर इ.स. ५६३ मध्ये संत कोलंबा आयर्लंडहून आले आणि त्यांनी मठ स्थापला. हे सगळे सुंदर आहेच. पण पर्यटकांचे जहाज बेटाचे काय करते, हे समजून घ्यायचे तर आणखी पश्चिमेला, उघड्या अटलांटिकमध्ये जायला हवे.

नॉर्थ युइस्ट बेटापासून सुमारे ६५ किलोमीटरवर सेंट किल्डा हा द्वीपसमूह आहे. त्यातल्या हर्टा या मुख्य बेटाचा कडा ४३० मीटर उंच. झाड एकही नाही. इथली माणसे दोरांवरून कड्यावर उतरून समुद्रपक्षी आणि त्यांची अंडी गोळा करत. दगड रचून बांधलेल्या, वर गवताची ढेपळे घातलेल्या ‘क्लीट’ नावाच्या कोठ्यांत ते मांस वाऱ्यावर वाळत ठेवत. डोंगरभर विखुरलेल्या अशा हजारावर कोठ्या अजून उभ्या आहेत. जमीनदाराचा खंडही पिसे, पक्ष्यांचे तेल आणि कापड यांतच भरला जाई. सकाळी पुरुषमंडळी गावाच्या एकुलत्या एका रस्त्यावर जमत आणि दिवसाचे काम ठरवत; बाहेरच्यांनी त्याला ‘पार्लमेंट’ म्हटले.

१८७७ पासून ‘डुनारा कॅसल’ ही आगबोट उन्हाळ्यात नियमितपणे पर्यटक घेऊन येऊ लागली. पाहुणे अंडी आणि हातमागाचे लोकरी कापड विकत घेत, फोटो काढत, रोख पैसे देऊन परतत. बोटीबरोबर बेटावर सर्दी-खोकल्याची साथही येई. १६९७ मध्ये इथे आलेल्या मार्टिन मार्टिन या प्रवाशाने परक्यांच्या पाठोपाठ येणाऱ्या या सर्दीची नोंद केली होती. इंग्रज कोशकार डॉ. जॉन्सन यांना ती गोष्ट खरी वाटेना, पण बेटवासीयांना ती अनुभवाने माहीत होती.

पैसा, बाहेरच्या जगाची ओळख, पहिल्या महायुद्धात बेटावर आलेले नौदल, तरुणांचे स्थलांतर, रोगराई: साऱ्यांचा भार त्या मूठभर वस्तीला पेलला नाही. उरलेल्यांनी स्वतःच सरकारला अर्ज केला आणि २९ ऑगस्ट १९३० रोजी ‘हेअरबेल’ या नौदलाच्या जहाजातून शेवटची ३६ माणसे निघाली. घराघरांत बायबल उघडे ठेवले होते, शेजारी ओट्सची लहानशी रास. मुख्य भूमीवर त्यांच्यातल्या काहींना काम मिळाले ते वनखात्यात. जन्मात झाड न पाहिलेल्या माणसांना! माणसे गेल्यावर घरांत राहणारी तिथली खास उंदरांची जातही काही वर्षांत नामशेष झाली. रानातला उंदीर मात्र टिकला आणि तो मुख्य भूमीवरच्या भाईबंदांपेक्षा चांगलाच थोराड आहे.

सेंट किल्डा पर्यटकांनी मोडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण आलेल्या बोटीला ‘इतकेच या, एवढाच वेळ थांबा’ असे सांगण्याची ताकद त्या वस्तीत नव्हती, हे नक्की. आजच्या बेटांची परीक्षा नेमकी इथेच आहे.

ओर्कनी बेटांवरचे कर्कवॉल हे सुमारे दहा हजार वस्तीचे गाव. ११३७ मध्ये पायाभरणी झालेले लाल-पिवळ्या दगडाचे सेंट मॅग्नस कॅथीड्रल गावाच्या मध्यावर आहे. मोठे क्रूझ जहाज लागले की काही हजार माणसे एकाच सकाळी उतरतात आणि बसगाड्या स्कारा ब्रेकडे धावतात. १८५० च्या वादळाने वाळू उडवून उघडी पाडलेली ही पाच हजार वर्षांपूर्वीची वस्ती. दगडी पलंग, मधोमध चूल आणि दारासमोर दगडी फडताळ, तेही जागच्या जागी. मोजकी आठ-दहा घरे आणि त्यांच्या कडेने जाणारी वाट. तिथे शांतपणे उभे राहायला मिळणे आणि रांगेतून पुढे सरकणे यांत फार फरक आहे.

एग या बेटाने वेगळा मार्ग धरला. १९९७ मध्ये तिथल्या रहिवाशांनी देणग्या जमवून, स्थानिक प्रशासन आणि एका वन्यजीव संस्थेला सोबत घेऊन, बेटच १५ लाख पौंडांना विकत घेतले. २००८ पासून पाणी, वारा आणि ऊन यांपासूनची वीज घरोघरी आली. एका घराला एका वेळी पाच किलोवॅट, त्याहून जास्त नाही. पाण्याची किटली आणि कपडे धुण्याचे यंत्र सोबत लावण्याआधी जरा विचार करावा लागतो. पाहुण्यांनी मोटार आणायची नाही, पायी किंवा सायकलने फिरायचे. दुकान आणि उपाहारगृह धक्क्याजवळच, त्यामुळे उतरणाऱ्याचा पैसा बेटावर राहतो. फेरो बेटांनी २०१९ च्या एप्रिलमध्ये काही प्रमुख स्थळे एका आठवड्याअखेरीस पर्यटकांना बंद ठेवली आणि बाहेरून आलेल्या शंभर स्वयंसेवकांच्या मदतीने पायवाटा दुरुस्त केल्या. २०२२ मध्ये बर्ड फ्लूने समुद्रपक्षी मरू लागले तेव्हा स्कॉटलंडमधल्या २३ बेटांवर उतरणे थांबवण्यात आले. जहाजकंपन्यांना मार्ग बदलावे लागले, आणि ते योग्यच झाले.

या भागातली सफर ठरवणाऱ्या मराठी प्रवाशांनी जहाजावर किती उपाहारगृहे आहेत हे विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: एका वेळी किनाऱ्यावर किती जण उतरतात, बेटावर किती तास मिळतात आणि तिथली वाट स्थानिक माणूस दाखवतो का. पफिन हे समुद्रपक्षी पाहायचे असतील तर मे ते जुलै गाठावा. ऑगस्ट उजाडला की ते समुद्रावर निघून जातात. बूट स्वच्छ करूनच होडीत बसावे, म्हणजे परके बी बेटावर जाणार नाही. आणि सेंट किल्डाचे तिकीट काढले म्हणून तिथे पाय टेकतीलच असे धरून चालू नये. हर्टावर जिथे उतरतात त्या व्हिलेज बे या उपसागराचे तोंड आग्नेयेला आहे. त्या बाजूचा वारा सुटला की होड्या खाली सोडतच नाहीत.