अंबाडीचं बी आणि डीएनएतल्या खुणा

अंबाडी म्हटलं की आपल्याला भाजी आठवते. पण माण-खटाव, जत-आटपाडीकडं कासरा, दावं, बाजेची वीण याच सालीची; ताटं पाण्यात कुजवून सोलायची, मग दोर वळायचा. नायलॉन आलं, पेरा आटला.

उरलेलं बी जपायचं, तर आधी ओळखायला हवं. ‘अंबाडी’ या एकाच नावाखाली दोन प्रजाती नांदतात: एकीची गुणसूत्रं 36, दुसरीची 72. पानावर विसंबता येत नाही. एकाच झाडाला खाली अखंड, वर पंजासारखी! म्हणून आपण डीएनएतले ‘जीएजीएजीए’सारखे पुन्हापुन्हा येणारे तुकडे मोजतो. त्यांची लांबी वाणागणिक बदलू शकते, पाऊस-मातीनं नाही. मग दोन गावांचं बी जुळलं, तर एकच ठेवावं? आम्ही म्हणू, नको. मोजक्या खुणा जुळल्या, म्हणजे सगळं वाण एकच असं नव्हे.