आरोग्यशास्त्रातील डॉक्टर पदवी

रुग्णाची नाडी पाहणाऱ्यास लोक डॉक्टर म्हणतात. प्रयोगशाळेत प्रथिनांची परीक्षा करणाऱ्यासही हीच उपाधी लाभते. या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ ‘शिकविणारा’ असा आहे. एकाच नावाच्या या दोन पदव्यांतील भेद दोन मराठी स्त्रियांच्या उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. पदवी संपादन केली. प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. तथापि ही पदवी मुख्यतः रुग्णसेवेसाठी होती. भारतात आज एम.बी.बी.एस. ही वैद्यकाची पहिली पदवी असून एम.डी. त्यानंतर मिळते. पीएच.डी.चा हेतू याहून निराळा आहे. ज्ञात विद्येत प्रावीण्य मिळविणे तीस पुरत नाही. त्या विद्येत नवी भर घालावी लागते.

कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या भागवत) यांना बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत स्त्री म्हणून प्रथम प्रवेश नाकारण्यात आला. १९३३ साली तो मिळाला, तोही अटींवर. तेथे त्यांनी दूध व डाळी यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. पुढे केंब्रिज येथे, नोबेल पारितोषिकविजेते हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत, बटाट्यावर प्रयोग करीत असता वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ असते असे त्यांनी दाखविले. पेशींच्या श्वसनात भाग घेणारे हे लोहयुक्त प्रथिन होय. त्यांचा प्रबंध अवघा सुमारे चाळीस पृष्ठांचा होता. प्रबंधाची योग्यता पृष्ठसंख्येवर नव्हे, तर त्यातील नव्या व सिद्ध केलेल्या गोष्टीवर ठरते, हे यावरून दिसून येईल.

१९३९ साली मायदेशी परतल्यावर त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केले. नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधनशाळेत व मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी काम केले. नीरा व डाळी यांसारख्या गरिबांस परवडणाऱ्या अन्नाच्या पोषणमूल्याचा त्यांनी शोध घेतला. रुग्णशय्येपासून दूर केलेले संशोधनही असे अखेर लोकांच्या ताटापर्यंत पोहोचते.

महाराष्ट्रात १९९८ साली नाशिक येथे आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.स सामान्यतः किमान तीन वर्षे लागतात. प्रथम प्रश्न निश्चित करावा लागतो. ‘मधुमेहाचा अभ्यास’ हा प्रश्न नव्हे. ‘घरी येऊन परिचारिकेने दिलेल्या सल्ल्याने मधुमेही रुग्णांची रक्तशर्करा आटोक्यात येते काय?’ हा प्रश्न होय, कारण त्याचे उत्तर मोजता येते. माणसांवर अभ्यास करावयाचा असल्यास नीतिसमितीची अनुमती आधी घ्यावी लागते, आणि सहभागी होणाऱ्यास सर्व समजावून देऊन त्याची संमती मिळवावी लागते. त्यानंतर निरीक्षण, प्रबंधलेखन, बाह्य परीक्षकांचे परीक्षण व तोंडी परीक्षा असा क्रम असतो.

अपेक्षेविरुद्ध आलेले उत्तरही प्रामाणिकपणे नोंदविणे संशोधकास बंधनकारक असते. निरुपयोगी उपचार उपयोगी म्हणून नोंदला गेला, तर त्याची किंमत पुढील रुग्णास मोजावी लागते.