दांडीचा शॉकअप, नळीचा शॉकअप

खड्ड्यात चाक आदळल्यावर बसणारा हादरा मुख्यतः कमानपाटा किंवा वेटोळी स्प्रिंग झेलते. ज्या भागाला 'शॉक ॲब्सॉर्बर' असे भारदस्त नाव मिळाले आणि गॅरेजच्या बोलीत ज्याचा 'शॉकअप' झाला, त्याचे खरे काम त्यानंतरचे आहे. दबलेली स्प्रिंग साठवलेली ऊर्जा परत देऊ लागली की गाडी खाली-वर झुलत राहते, आणि हे झुलणे लवकर शमवणे, म्हणजे पदार्थविज्ञानाच्या परिभाषेत त्याचे अवमंदन करणे, हे शॉकअपकडे सोपवलेले असते. त्याच्या आतला दट्ट्या तेलाला अरुंद वाटेने जायला भाग पाडतो, त्या वाटेत तेल तापते आणि झुलण्यातली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने हवेत निघून जाते.

आजच्या मोटारींत हे काम टेलिस्कोपिक शॉकअप करतो, म्हणजे जुन्या दुर्बिणीच्या नळ्यांसारखे एकात एक सरकणारे लांबट नळकांडे. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत त्याच्या जागी दांडीचा शॉकअप असे. 1948 ते 1971 या काळात बनलेली आणि भारतात काही काळ 'बेबी हिंदुस्थान' या नावाने विकली गेलेली मॉरिस मायनर ही त्यांपैकी एक. दुसरी इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यातून 1962 ते 1980 या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने बाहेर पडलेली एमजीबी. मागचे दांडीचे शॉकअप काढून नळीचे बसवण्याचा बदल एमजीबीच्या मालकांत इतका रुळला आहे की त्यासाठीचे तयार संच बाजारात मिळतात. सुरुवात मागूनच होते, याचे कारण रचनेत आहे. या गाडीच्या पुढच्या बाजूला शॉकअपची दांडी हीच चाक धरून ठेवणाऱ्या जोडणीची वरची भुजा असते, त्यामुळे तो शॉकअप काढला तर त्या भुजेची पर्यायी सोय करावी लागते. मागे मात्र एक्सलला जागेवर धरण्याचे काम कमानपाटे करतात आणि शॉकअपकडे अवमंदनाखेरीज दुसरी जबाबदारी नसते.

दांडीच्या शॉकअपचा ओतीव धातूच्या ठोकळ्यासारखा भाग चॅसिसच्या पट्टीवर दोन बोल्टांनी घट्ट बसवलेला असतो आणि त्यातून बाहेर आलेली दांडी एका लहान जोडदांड्याने एक्सलखालच्या पट्टीला जोडलेली असते. एक्सल वर-खाली होताच दांडी एका आसाभोवती फिरते आणि ठोकळ्यातला दट्ट्या तेल इकडून तिकडे ढकलतो. तरफेच्या तत्त्वानुसार दांडीचे बाहेरचे टोक जितके हलते त्याच्या मानाने आतला दट्ट्या फारच थोडा सरकतो. साहजिकच तेवढाच प्रतिकार निर्माण करण्यासाठी त्याला तेलावर पुष्कळ जास्त दाब आणावा लागतो, आणि हे सारे थोडक्या तेलात घडते. लांबच्या खडबडीत रस्त्यावर ते तेल तापून पातळ होते व प्रतिकार मंदावतो. दांडीच्या आसाशी असलेली सील झिजली की तेल पाझरते, पातळी खाली गेली की दट्ट्याखाली हवा येते, आणि मग दांडीच्या हालचालीचा पहिला भाग अक्षरशः पोकळ जातो.

नळीच्या शॉकअपमध्ये दट्ट्याचा प्रवास चाकाच्या प्रवासाच्या जवळपास असतो, त्यामुळे कमी दाबात काम भागते. तेल जास्त असते आणि नळकांड्याचा लांब पृष्ठभाग वाऱ्यात राहून लवकर निवतो. बिघडला तर तो उघडत बसावे लागत नाही, सरळ बदलता येतो. हे त्याचे खरे गुण. परंतु तो बसवल्यावर 'गाडी एकदम नवी झाली' असे जे सांगितले जाते, त्यातला मोठा वाटा तुलनेच्या पद्धतीचा असतो, कारण एका बाजूला चाळीस-पन्नास वर्षे झिजलेली, तेल गमावलेली दांडी असते आणि दुसऱ्या बाजूला खोक्यातून नुकतीच निघालेली नळी. सील बदलून, नवे तेल भरून नीट दुरुस्त केलेला दांडीचा शॉकअप रोजच्या संथ वापरात कमी पडत नाही. प्रवासाचा पोत ठरतो तो तेलाच्या वाटेवरच्या झडपांवर. त्या दांडीच्या टोकाशी आहेत की नळीच्या आत, याला त्या मानाने कमी महत्त्व आहे.

तरीही बदल करायचा ठरला, तर पहिला प्रश्न कोनाचा. मूळ रचनेत जोडदांडा जवळजवळ उभा असल्याने एक्सलची सगळी हालचाल शॉकअपपर्यंत पोहोचते. नळीला मात्र उभे राहण्यापुरती जागा गाडीखाली सहसा मिळत नाही, म्हणून ती तिरपी बसवावी लागते, आणि तिरपेपणाची किंमत दोनदा मोजावी लागते : नळी एक्सलपेक्षा कमी सरकते आणि तिने दिलेल्या बलाचा उभ्या दिशेतला अंशच कामी येतो. त्यामुळे उभ्या रेषेपासून 30 अंश कललेल्या नळीचे अवमंदन सुमारे 75 टक्के उरते, तर 45 अंशांवर ते निम्म्यावर येते. अशी गाडी ढिली वाटली की शॉकअपच्या कंपनीला दोष दिला जातो, प्रत्यक्षात चूक पट्टीला भोक पाडणाऱ्याची असते. वळणावर गाडी एका अंगाला झुकते तेव्हा नळ्यांमधले अंतरही महत्त्वाचे ठरते, कारण त्या चाकांपासून आत, एकमेकींच्या जवळ आल्या तर झुकण्याला त्यांचा विरोध कमी पडतो.

दुसरा प्रश्न लांबीचा, आणि येथे अंदाज चालत नाही. एक्सल पूर्ण वर जाऊन रबरी ठोकळ्याला, म्हणजे बंपस्टॉपला, टेकतो तेव्हाही नळीत थोडा प्रवास शिल्लक असला पाहिजे, नाहीतर गाडीचे सगळे वजन दट्ट्याच्या दांड्यावर आपटते. गाडी जॅकवर उचलून एक्सल लोंबकळू दिला असताना नळी पूर्ण ताणली जाता कामा नये. एमजीबीत एक्सलला त्याआधीच अडवणारे पट्टे असतात, ते जुने झाले म्हणून काढून टाकण्याचा मोह टाळावा. ही दोन्ही अंतरे प्रत्यक्ष मोजून मगच नळी निवडायची असते. 1974 च्या अखेरीस रबरी बंपर आले तेव्हा या गाडीची जमिनीपासूनची उंचीही वाढवण्यात आली, त्यामुळे आधीच्या गाडीवर घेतलेले माप नंतरच्या गाडीला लागू पडेलच असे नाही.

जोडणीचे काम त्या मानाने सोपे आहे. तयार संचातली वरची पट्टी दांडीच्या शॉकअपच्याच दोन बोल्टांच्या जागी बसते आणि खालची पट्टी कमानपाटा एक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टांखाली, मूळ पट्टीच्या जागी येते. ते यू-बोल्ट सोडण्यापूर्वी चॅसिसला भक्कम टेकू देऊन एक्सलखाली वेगळा जॅक लावलेला असावा, कारण एक्सल सुटून खाली आला तर ब्रेकची नळी ताणली जाते. नळकांडे ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल, सायलेन्सरचा पाइप किंवा टायर यांपैकी कशालाही घासत नाही ना, हे एक्सल वर, खाली आणि एका बाजूला झुकलेला अशा तिन्ही स्थितींत पाहावे लागते. दोन्ही टोकांच्या रबरी बुशांचे नट शेवटी आवळावेत, तेही गाडी चाकांवर उभी केल्यानंतरच. हवेत लोंबकळत्या स्थितीत आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळले जाते आणि लवकर फाटते.

वायू भरलेली नळी घेणाऱ्यांनी एक हिशेब आधी करून ठेवावा. तेलात फेस होऊ नये म्हणून अशा नळीत वायू दाबाखाली भरलेला असतो आणि तो दट्ट्याचा दांडा सतत बाहेर ढकलत राहतो. 11 मिलिमीटर व्यासाच्या दांड्यावर 20 बार इतका दाब असेल तर हे बल दर नळीमागे साधारण 19 किलो वजनाइतके होते, म्हणजे दोन नळ्या मिळून गाडीचा मागचा भाग 38 किलोंच्या आसपास हलका करतात. एमजीबीसारख्या हलक्या गाडीची मागची बाजू त्यामुळे किंचित वर दिसू लागते.

भारतात या प्रश्नाला कायद्याचीही एक बाजू आहे. 2021 साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आली. तिच्यासाठी गाडीला पहिल्या नोंदणीपासून पन्नासहून अधिक वर्षे झालेली असावी लागतात आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. जुन्याच भोकांत बोल्टांनी बसलेली आणि तासाभरात उतरवता येणारी पट्टी आणि चॅसिस कापून वेल्डिंगने चिकटवलेला कंस यांत त्यामुळे फार मोठा फरक पडतो. काढलेले दांडीचे शॉकअप म्हणूनच भंगारात देऊ नयेत. ते पुसून, तेलाने भरून, झाकणाचा बोल्ट आवळून, डावा-उजवा अशी चिठ्ठी लावून आणि सोबत मूळ खालची पट्टी व जोडदांडे बांधून उभेच ठेवावेत.