सोन्यावरची फारसी शाबासकी

मालवणजवळच्या धामापूर तलावाची आख्यायिका कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे. लग्नघरची माणसं फुलांचे दागिने परडीत घालून तलावाला अर्पण करत आणि भगवतीच्या कृपेने परडीत सोन्याचे दागिने येत. लग्न उरकलं की ते परत करायचे. कुणीतरी परत केले नाहीत आणि देणं थांबलं. या गोष्टीतलं सोनं विश्वासाच्या मोबदल्यात मिळत होतं.

निष्ठेच्या मोबदल्यात सोनं दिल्याचा एक खराखुरा दाखला मराठ्यांच्या इतिहासात आहे. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात ईस्ट इंडिया कंपनीने बंगालची फौज १७७८ मध्ये यमुनाकाठच्या काल्पीहून पश्चिमेकडे धाडली. ती मध्य भारत पायी ओलांडत असतानाच, जानेवारी १७७९ मध्ये, मुंबईच्या इंग्रज फौजेने वडगावला मराठ्यांपुढे शरणागती पत्करली. बंगालची फौज मात्र सुरतेला पोहोचली. पुढे तिच्या सेनापतीने, गॉडर्डने, १७८० मध्ये वसई घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहात ती मराठ्यांना परत द्यावी लागली.

युद्धातून फारसं हाती लागलं नाही, तरी कंपनीने १७८४ मध्ये त्या फौजेतल्या हिंदी शिपायांसाठी पदक काढलं. तेच ‘डेक्कन मेडल’. मोजकी पदकं सोन्याची, बाकीची चांदीची. एका बाजूला बसलेली ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं स्त्रीरूप प्रतीक, किल्ल्याच्या दिशेने विजयमाला पुढे करते आहे. दुसऱ्या बाजूला इंग्रजीचं एक अक्षरही नाही, सगळा मजकूर फारसी! नाणं जसं जगभर चालतं तसं या वीरांचं नाव चालत राहो, असा त्याचा आशय. दरबारी मान कोणत्या भाषेत द्यायचा, हे कंपनीने अचूक हेरलं होतं.

आणखी नवल पुढेच आहे. ब्रिटिश सरकारने सर्व हुद्द्यांच्या सैनिकांना पदक देण्याची रीत रुळवली ती १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर. म्हणजे इंग्लंडच्या साध्या सैनिकाला सरकारी पदक मिळू लागण्याच्या सुमारे तीस वर्षं आधी हिंदी शिपायाच्या गळ्यात पदक आलं होतं.

१७९९ मध्ये टिपू सुलतानाचं श्रीरंगपट्टण जिंकल्याबद्दल कंपनीने दिलेल्या पदकात धातूंची उतरंडच दिसते: सेनापतींना सोनं, त्याखाली सोनमुलामा दिलेली चांदी, मग चांदी, तांबं आणि साध्या शिपायाला कथील. चित्र सगळ्यांवर एकच: टिपूच्या वाघाला लोळवणारा ब्रिटिश सिंह. श्रीरंगपट्टण हा आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्याही जुन्या रणसन्मानांपैकी एक आहे.

सोन्याची पदकं मुळातच थोडी, आणि अडीअडचणीला मोडता येणारीही. म्हणूनच आज ती इतकी दुर्मिळ आहेत. कोकणातल्या अनेक घरांना पलटणीचा वारसा आहे. तुमच्या घरच्या जुन्या पेटीत असं एखादं पदक निघालं, तर ते घासूनपुसून चकचकीत करू नका आणि सोनाराकडे मोडीतही देऊ नका. आधी एखाद्या वस्तुसंग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा. सोन्याचा भाव रोज कळतो; त्यावर कोरलेला इतिहास एकदा वितळला की पुन्हा मिळत नाही.