गळका स्लॅब आणि मेम्ब्रेनची निवड

आजचा भाग कोडिंगवर नाही, गळक्या स्लॅबवर आहे.

अणदूरला हायवेलगत आमचे पाच गाळे आहेत. एकच मजला, वर सपाट स्लॅब, साधारण २५०० चौरस फूट. गेल्या सप्टेंबरात परतीच्या पावसात मेडिकलवाल्या काकांच्या खोक्यांवर पाणी टपकलं. काका म्हणाले, "जूनच्या आत करा, नाहीतर गाळा सोडतो." घर चालतं ते या भाड्यावर. पप्पांचा मला पुण्याला फोन, "तू इंजिनिअर आहेस ना? बघ जरा." मी सॉफ्टवेअरवाला, पण हे बापाला कोण सांगणार!

गावात पहिला सल्ला मिळतो तो ब्रिकबॅट कोब्याचा. विटांचे तुकडे, सिमेंट, वर घोटाई. काम चांगलं असतं, पण वजन बघा. चार इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास. आमच्या छतावर ४५ टन! आपल्याकडं माळवदावर पाणी गळू नये म्हणून मातीचे थर चढत गेले. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा दगडी भिंती आणि ती जड छतं माणसांवर कोसळली. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण घरात ते अजून बोललं जातं. जुन्या स्लॅबवर इतकं वजन टाकायला माझं मन धजेना. चार मिलिमीटरचं मेम्ब्रेन त्याच छतावर एक टनाच्या आसपास बसतं.

आता मेम्ब्रेन कोणतं? मोठ्या मॉल-गोदामांवर टीपीओ किंवा पीव्हीसीच्या पांढऱ्या शीट असतात. जोड गरम हवेनं वितळवून चिकटवतात, ऊन परतवतात. मला तेच आवडलं होतं. पण त्याला मशीन आणि शिकलेली टीम लागते, आणि एवढ्याशा कामाला ती येईना. समजा आलीच, तरी उद्या फाटलं तर कुणाला बोलवायचं? ज्या लायब्ररीचा मेंटेनर सापडत नाही ती मी प्रोजेक्टमध्ये घेत नाही. इथंही तोच हिशोब लावला.

दुसरा पर्याय पीयू, म्हणजे ब्रशनं लावायचं पातळ रबर. पाईप, टाकीचे खांब असलेल्या अडचणीच्या जागी झकास, कारण जोडच नसतो. पण जाडी सगळी लावणाऱ्याच्या हातावर. बादलीत थिनर जास्त पडलं तर तुम्हाला कळणार कसं?

म्हणून एपीपी घेतलं. डांबरात एक प्रकारचं प्लास्टिक मिसळून, आत पॉलिस्टरची जाळी घालून केलेली शीट. रोल एक मीटर रुंद, दहा मीटर लांब. गॅसच्या ज्योतीनं खालची बाजू वितळवून चिकटवतात, कडेला चार इंच एकावर एक. याचंच भावंड एसबीएस, त्यात रबर असतं, ते थंड प्रदेशात बरं. आपल्या मे महिन्याला एपीपी. उन्हानं डांबर कडक होऊन तडकतं, म्हणून वरून दगडी चुरा लावलेलं घ्यायचं. आणि हे काम करणारे सोलापुरात मिळतात. आईची तक्रार वेगळीच, "आता कुरडया कुठं वाळवू?" तिला शेजारच्या काकूंची गच्ची मिळाली.

पण खरं दुखणं वेगळंच निघालं. दोन वर्षांपूर्वी एकानं पांढरा कोट मारला होता, तो एका कोपऱ्यात पापुद्र्यासारखा निघाला. तिथं पाणी साचायचं, उतारच नव्हता. आधी दहा फुटाला सव्वा इंच उतार करून घेतला. पॅरापेटच्या कोपऱ्यात वाटा मारला, म्हणजे सिमेंटची गोलाई, कारण काटकोनात शीट तुटते. शीट भिंतीवर फूटभर चढवून खाचेत दाबली. स्लॅब पूर्ण वाळू दिला. ओल आत अडकली की उन्हात तिची वाफ होऊन शीटला फोड येतात.

शेवटची परीक्षा पाण्याची. पाईपांची तोंडं बंद करून इंचभर पाणी ४८ तास ठेवायचं. इंचभर म्हणजे जवळपास सहा हजार लिटर, आणि महिना एप्रिल! पप्पा म्हणाले, "लोक प्यायला टँकर मागवतात, तू छताला पाजतोस?" तरी मागवला. नंतर ते पाणी पाईपनं मागच्या बांधकामावर सोडलं, तिथं स्लॅबला पाणी मारायचंच होतं.

तिसऱ्या दिवशी काकांनी मोबाईलची बॅटरी लावून छत कोपऱ्या-कोपऱ्यातून तपासलं. कोरडं होतं. गाळा सोडायचा विषय त्यांनी काढला नाही, फक्त म्हणाले, "सप्टेंबर जाऊ दे, मग बोलू."