जेवणानंतरची साखर किती असावी?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, स्टाफरूममध्ये कुणाचा रिपोर्ट आला की पहिला प्रश्न ठरलेला: "पीपी किती आली?" कोणी १३० सांगतं, कोणी १९०. पण जेवल्यावर किती वेळाने रक्त दिलं, हे कोणी विचारत नाही. वेळ माहीत नसेल तर त्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही.

एक गणित करू, सातवीच्या मुलांनाही जमेल असं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. उपाशीपोटी साखर १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर धरली, तर सगळ्या रक्तात मिळून साखर किती? फक्त ५ ग्रॅम. चहाचा एक चमचा! आणि दोन पोळ्या, वरणभात, बटाट्याची भाजी जेवलं, की सहज ७५ ग्रॅमच्या वर कर्बोदके पोटात जातात. त्यातली बहुतेक ग्लुकोज होऊन रक्तात येतात. तरी साखर पंधरापट होत नाही, कारण स्वादुपिंड लगेच इन्सुलिन सोडतं आणि यकृत व स्नायू ती साखर उचलून घेतात.

निरोगी माणसाची साखर तासाभरात चढते आणि दोन तासांनी १४० च्या खाली उतरते. हे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नव्हे. १४० ते १९९ म्हणजे सावध व्हायची वेळ, २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेहाची शंका. (नेमकं निदान ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून करतात.) ज्यांना मधुमेह आहेच, त्यांच्यासाठी बहुधा १८० च्या आत हे उद्दिष्ट असतं, ते डॉक्टर ठरवतील.

काही जण तपासणीच्या दिवशी मुद्दाम अर्धीच पोळी खातात. रिपोर्ट छान येतो, पण रोजचं जेवण अंगाला झेपतंय का, ते कळतच नाही. रोज जेवता तेवढंच जेवा, नेहमीची गोळीही डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्या.

वर्गात मात्र घड्याळ बघत बसू नका. एखादं मूल सारखं लघवीला जातंय, पाण्याची बाटली पुन्हापुन्हा संपवतंय, वाळत चाललंय, तर त्याला रागावू नका. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. अशा मुलाची साखर उपाशीपोटी की जेवून हे न पाहता त्याच दिवशी तपासायला पालकांना सांगा. उलट्या, पोटदुखी किंवा धाप असेल, तर लॅबच्या रिपोर्टची वाट न पाहता थेट दवाखाना गाठा.