विश्लेषण : आत रोधक, वर वाहक! ‘टोपोलॉजिकल इन्सुलेटर’मुळे फोन तापायचा थांबेल का?

भिवंडीच्या यंत्रमागावर विणलेल्या कापडाचा काठ कापला, की धागे सुटू लागतात. काही स्फटिकांचे मात्र उलटे आहे. ते कुठेही कापा, नव्या कडेवर विजेची वाट आपोआप तयार होते. त्यांना ‘टोपोलॉजिकल इन्सुलेटर’ म्हणतात.

हा धातूचा मुलामा असतो का?
नाही. पदार्थ आतून-बाहेरून एकच असतो. बिस्मथसारख्या जड अणूंमुळे स्फटिकाच्या आत इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्यांचा क्रम उलटतो. बाहेर तो सरळ असतो. उलट आणि सरळ जिथे भेटतात, तिथे पातळ्यांमधील दरी मिटते आणि पृष्ठभाग वाहक बनतो.

इलेक्ट्रॉन वेगळे कसे वागतात?
मागावरचा धोटा काठाशी पोहोचून माघारी फिरतो. इथे इलेक्ट्रॉनला तसे करता येत नाही. त्याच्या धावण्याची दिशा ‘स्पिन’ या गुणधर्माशी बांधलेली असते. सरळ माघारी फिरायचे, तर स्पिनही उलटावा लागतो. साध्या अशुद्धीला ते जमत नाही. चुंबकीय अणू मात्र ते करू शकतो.

म्हणजे विजेला अडथळाच नाही?
आहे. पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन तिरके वळू शकतात. त्यामुळे रोध शून्य होत नाही. हे अतिवाहक नव्हेत.

शोध कधी लागला?
चार्ल्स केन आणि यूजीन मेले यांनी २००५ मध्ये सिद्धान्त मांडला. २००७ मध्ये जर्मनीतील वुर्झबर्ग विद्यापीठात मर्क्युरी टेल्युराइडच्या पातळ थरात कडेने वाहणारी वीज मोजली गेली. २००९ मध्ये बिस्मथ टेल्युराइडमध्ये असा पृष्ठभाग आढळला. गंमत म्हणजे हाच पदार्थ कित्येक दशके छोट्या विद्युत शीतकांत वापरला जात होता! मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही बिस्मथ सेलेनाइडच्या पृष्ठभागावर संशोधन झाले आहे.

मग फोन थंड राहील?
इतक्यात नाही. बिस्मथ सेलेनाइडमध्ये सेलेनियमच्या काही जागा रिकाम्या राहतात. त्यामुळे आतला भागही वीज वाहू लागतो आणि पृष्ठभागाचा वेगळेपणा झाकला जातो. स्पिनच्या आधारे माहिती साठवणारी, कमी वीज खाणारी मेमरी ही जवळची आशा आहे. त्यासाठी आधी आतून खरोखर रोधक असलेला स्फटिक हवा.